खरा निघालेला आळ

आमच्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे, हे मी कधीच नाकारलेले नाही. २०१० साली तो घरात आला तेव्हा शेजारपाजारची मुले त्याला पाहायला येत; आज तीच मुले मोठी होऊन त्याला हसतात. त्याच्यात विंडोज-७ आहे, आणि घरगुती गिऱ्हाइकांच्या विंडोज-७कडे तिच्या कर्त्यांनी जानेवारी २०२० पासून पाठ फिरविली आहे. सकाळी त्याचे बटण दाबून मी आंघोळीला जातो आणि पूजा आटोपून येतो, तोवर तो जेमतेम डोळे उघडतो. "हा भंगारात घाला," असा सल्ला मला इतक्या जणांनी दिला आहे की त्यांची यादी केली तर आमच्या गल्लीची मतदारयादीच होईल. पण माझे बरेचसे लेखन त्याच्या पोटात आहे, आणि ते युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. तीच फाइल नव्या यंत्रावर उघडली की आईवर लिहिलेल्या लेखाच्या जागी रोमी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसतो. तेव्हा मी आणि तो एकमेकांचे म्हातारपण सांभाळीत आहोत, असे म्हणायला हरकत नाही.

गेल्या मार्चमध्ये या कॉम्प्युटरला एक नवी खोड लागली. नेट मधूनच जायचे. जायचे म्हणजे कायमचे नव्हे. मिनिट-दोन मिनिटे जायचे आणि आपल्या पायांनी परत यायचे.

ज्यांना यंत्रांचा त्रास होतो त्यांना हे पटेल, की मुळीच न चालणारे यंत्र परवडले. तो सरळ रोगी होय. त्याला उघडावे, पाहावे, बरे करावे किंवा टाकून द्यावे. परंतु अधूनमधून बिघडणारे यंत्र म्हणजे वैद्य दारात आला की खेळायला लागणारे पोर! दाखवायला जावे तर सगळे ठाकठीक. अशा दोषाचे सर्वांत वाईट हे की तो माणसाला भोळसट करून सोडतो. पूर्वी पाळीचा ताप आला की लोक दंडाला गंडा बांधीत. तो ताप आपल्या क्रमानेच उतरे, पण श्रेय गंड्याला मिळे. सोलापूरहून रेल्वेने हैदराबादकडे गेले की शेजारीच सिकंदराबाद लागते. तिथे १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, आणि मग कुठे गंडे सुटू लागले. मीही त्या मार्चमध्ये असे पुष्कळ गंडे बांधले. राउटरवर टिचक्या मारल्या, तो बंद करून पुन्हा चालू केला, त्याला भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. दर वेळी नेट परत आले, आणि दर वेळी मला वाटले की जमले. कंपनीला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, असे करीत करीत शेवटी एका माणसाचा आवाज आला. "आमच्याकडून सगळं ओके आहे, सर," असे तो म्हणाला. हे वाक्य जगात फार चालते. मी स्वतः पुढे काय केले ते सांगतो, म्हणजे त्या बिचाऱ्यालाच हसण्याचा अधिकार मला नाही हे कळेल.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आदल्या ऑगस्टपासून आमच्याकडे राहत होता. बार्शीकडच्या खेड्यातला मुलगा, इथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मितभाषी, ताटात वाढलेले निमूट खाणारा, रात्री पाणी भरून ठेवण्याचे काम कोणी न सांगता आपल्याकडे घेतलेला. मार्चच्या सुरुवातीला त्याने एका मित्राकडून जुना लॅपटॉप विकत घेतला. आणि मार्चमध्येच आमचे नेट जाऊ लागले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असे आपण म्हणतो. आपल्या पूर्वजांनी याला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. ही म्हण मी शेकडो वेळा दुसऱ्यांना ऐकविली आहे. पण आपल्या अंगणातली फांदी मोडते तेव्हा म्हण आठवत नाही, कावळाच दिसतो.

एप्रिलच्या एका रविवारी संध्याकाळी मुलीचा फोन होता. ती जर्मनीत असते. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा मोठा, म्हणून तिच्याशी आणि नातीशी बोलायचे ते त्यावर, असा आमचा परिपाठ आहे. कसाबसा का होईना, तो चालतो. नात काहीतरी नवे शिकली होती आणि "आजोबा, ऐका हं," म्हणून तिने सुरुवात केली. तिचे तोंड उघडेच राहिले, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारे चक्र आले. मी मागे वळून पाहिले. पुतण्या बाहेरच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

मी काय बोललो ते सगळे आता आठवत नाही, पण एक वाक्य आठवते. "आमच्या घरात राहायचं असेल, तर हे रात्रंदिवस सिनेमे उतरवून घ्यायचे धंदे बंद करावे लागतील."

"काका, मी काहीच नाही केलं," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप मिटला. पाचव्या दिवशी परीक्षा जवळ आली, मित्राच्या खोलीवर अभ्यास बरा होतो, असे सांगून तो गेला. जाताना दोघांच्याही पाया पडला.

तो गेल्यावर संध्याकाळचे नेट जाणे थांबले. मी सौ.ला म्हणालो, "बघितलंस?" ती म्हणाली, "काय बघायचं त्यात? दुपारी तर जातंच आहे." पण खटला निकालात निघाल्यावर न्यायाधीश पुन्हा साक्षी ऐकत नाही. दुपारचे जाणे मी उन्हाळ्याच्या खाती मांडून टाकले. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात ४२-४३ अंश ऊन होते. माणसे जिथे टिकत नाहीत तिथे नेट काय टिकणार, असे म्हटले की कोणालाही पटते.

मे महिन्यात आमच्याकडे एक शेजारी आले. पूर्व भागात यंत्रमागावर त्यांनी चाळीस वर्षे काढली, आता मुलाकडे राहतात. मी कॉम्प्युटरपुढे चडफडत बसलो होतो. त्यांनी विचारले, "कुठं तुटतंय?" मी म्हणालो, "काय कळणार कुठे तुटतंय ते! हे यंत्रच मेलं जुनं." ते हसले. म्हणाले, "आमचा माग जुनाच असायचा. धागा तुटला की माग उभा राहतो. मग मागाला शिव्या देऊन काय उपयोग? चालत जायचं आणि कुठला धागा ते बघायचं."

मागाविषयी ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. चादर विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, हजारांनी असतात आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्याबरोबर त्यांतून इकडून तिकडे जातो. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी सोय साध्या यंत्रमागावरही असते. सुधारलेल्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळशी धातूची पट्टी अडकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग उभा राहतो. जपानमध्ये साकिची तोयोदा नावाच्या सुताराच्या मुलाने असे थांबणारे माग करण्यात जन्म घालविला. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला, आणि पुढे त्याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला तेव्हा हा मागाचा स्वभाव मोटारींच्या कारखान्यात आला. काही चुकले की काम थांबवायचे, आणि चूक सापडेपर्यंत लागोपाठ पाच वेळा 'का?' असे विचारायचे, अशी तिथली शिस्त आहे. 'कोणी?' असे विचारायचे नाही.

हे 'का' आणि 'कोणी' मी पूर्वी कुठेतरी वाचले होते आणि व्याख्यानात वापरलेही होते. मेच्या त्या दुपारी ते प्रथमच वापरण्याची पाळी आली. मी एक स्टूल घेतले आणि राउटरसमोर बसलो. राउटरवर बारीक हिरवे दिवे असतात. ज्या भोकात आपली वायर खोचलेली असते त्याचा एक दिवा, बाहेरून येणाऱ्या लाइनचा दुसरा. वीस मिनिटे काही झाले नाही. मग कॉम्प्युटरच्या वायरीचा दिवा गेला आणि बाहेरच्या लाइनचा दिवा तसाच राहिला. त्या एका क्षणात कंपनी सुटली, ऊन सुटले, सिनेमे उतरवून घेणारी जगातली सगळी मुले सुटली. तुटत होते ते राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या दहा हात वायरीत.

शेजाऱ्यांच्या मुलाकडून दुसरी वायर आणली. ती लावली तर दिवा जाईना. जुनी परत लावली, गेला. नवी लावली, राहिला. आपले नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: हे असता ते असते, आणि हे नसता ते नसते. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याचेच नियम बांधून दिले. शास्त्राला एकच अट असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मार्चमध्ये मी टिचक्या मारीत होतो, बंद-चालू करीत होतो, राउटर सरकवीत होतो, आणि ते सगळे एकदम करीत होतो. त्यामुळे काय केल्याने काय होते ते ब्रह्मदेवालाही कळले नसते.

मग वायरीचे टोक हातात घेऊन पाहिले. अशा वायरीच्या टोकाला प्लास्टिकची चौकोनी पिन असते. तिच्यात आठ बारीक तारा असतात आणि पाठीवर एक लवचीक क्लिप असते, जी भोकात 'टक्' करून बसते. ही क्लिप तुटलेली होती. पिन भोकात जाऊन बसे, पण धरून राहत नसे. दुपारी उकाड्याने पंखा पाचावर जाई, खिडकीचा पडदा हले, पडद्याच्या काठाला अडकलेली वायर हले, पिन केसभर बाहेर येई आणि नेट जाई. हिवाळ्यात पंखा बंद होता म्हणून हे कळले नाही. आणि क्लिप कशी तुटली? मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मी टेबल ओढले होते. वायर न काढता. काहीतरी 'कट्' असे वाजल्याचेही मला आठवले.

हा शोध लागला त्या संध्याकाळी मी पुतण्याच्या खोलीवर गेलो. सौ.ने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. आमच्या सोलापुरात तोंडाने जे बोलवत नाही ते शेंगाची चटणी बोलते. मी म्हणालो, "अरे, चूक माझीच होती. वायर मीच मोडली होती. तुझा काही संबंध नव्हता." तो फार संकोचला. "असू द्या, काका," एवढेच म्हणाला. मी हलक्या मनाने घरी आलो. अपराध, शोध, क्षमायाचना. एखाद्या बोधकथेला याहून काय लागते? मी त्या रात्री तसा लेख लिहायलाही घेतला होता.

तो लेख पुरा झाला नाही याचे कारण असे की जुलैमध्ये पुतण्या दोन दिवसांसाठी राहायला आला. जेवणे झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला, आणि माझ्या कॉम्प्युटरचे नेट गेले. वायर नवी, क्लिप शाबूत, हिरवा दिवा लागलेला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी काही बोललो नाही, पण माझ्या तोंडाने काही सांगितले असेल तर मला ठाऊक नाही. तो उठून माझ्या कॉम्प्युटरपाशी आला, काही वेळ दोन्हीकडे काहीबाही पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर होतं. माझ्या लॅपटॉपमुळेच जात होतं."

प्रकार असा होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, आणि त्या क्रमांकावर त्याचा टपाल पोहोचता करतो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला मात्र तो बसविणाऱ्या माणसाने पूर्वीच हाताने कायमचा क्रमांक देऊन ठेवला होता. शेवटचा आकडा दहा. पुतण्याने मार्चमध्ये कॉलेजच्या एका प्रॅक्टिकलसाठी आपल्या लॅपटॉपलाही असाच हाताने क्रमांक दिला आणि मग तो बदलायला विसरला. आकडा कुठला द्यावा असा प्रश्न पडला की माणूस दहा म्हणतो. तोही दहा म्हणाला. एका वाड्यात एकाच नावाचे दोन भाडेकरू असले म्हणजे पोस्टमन जसा घटकेत याचे पत्र त्याला देतो, तसे होत होते. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. दुपारचा माझा, संध्याकाळचा त्याचा. एक काढला तरी दुसरा उरे, म्हणून कुठलाच उपाय लागू पडल्यासारखा वाटत नव्हता.

त्यात आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या सांगितल्यावाचून राहवत नाही. एक ही की जुना कॉम्प्युटर मला हे स्वतः सांगत होता. उजव्या कोपऱ्यात खाली एक इंग्रजी सूचना येत असे, की याच पत्त्याचे दुसरे यंत्र इथे आहे. आणि मी ती दर वेळी फुलीवर बोट ठेवून घालवीत असे. ज्याला मी म्हातारा, बेभरवशाचा म्हणत होतो तो एकटाच नेमके बोलत होता. दुसरी गोष्ट मी पुतण्याला विचारून घेतली. दोघांचा पत्ता एक, तर नेट त्याचेही जात असले पाहिजे. "जायचं की," तो म्हणाला. मग बोलला का नाहीस? तो हसला नुसता. मला उत्तर कळले. तक्रार करण्याचा हक्क घरात राहणाऱ्याला असतो, घरात ठेवून घेतलेल्याला नसतो.

सौ. मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "म्हणजे तुम्ही म्हणत होता तेच खरं निघालं शेवटी!" आणि मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले. नुसते बरे नव्हे, मोकळे वाटले. एप्रिलपासून काळजात रुतून बसलेला काटा कोणीतरी अलगद काढून हातात दिल्यासारखे वाटले. त्या बरे वाटण्याविषयी मला लिहायचे आहे.

आळ या शब्दातच तो खोटा आहे हे गृहीत असते. खऱ्या आळाला आपण आळ म्हणत नाही, आरोप म्हणतो, किंवा नुसते 'बोलणे' म्हणतो. मग जो आळ पुढे योगायोगाने खरा निघतो, त्याला काय म्हणावे? तो मागल्या तारखेपासून शुद्ध होतो काय?

आठव्या शतकात धर्मोत्तर नावाचे एक बौद्ध तर्कपंडित होऊन गेले. त्यांनी दिलेला एक दाखला या ठिकाणी मला उपयोगी पडला. दूर उभा असलेला एक माणूस आकाशात काळसर लोट पाहतो आणि म्हणतो, 'धूर दिसतो आहे, अर्थी तिथे विस्तव आहे.' वस्तुतः तो धूर नसतोच. तिथे मांस भाजायला कोणी नुकताच विस्तव पेटवलेला असतो, त्याचा धूर अजून वर आलेला नसतो, आणि वासाने जमलेल्या चिलटांचा थवा दुरून धुरासारखा दिसत असतो. विस्तव आहे हे तर खरे. पण या माणसाला ते कळले असे म्हणता येईल काय? पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात याहून सोपा प्रश्न टाकला. एकाने मूठ मिटून विचारले, कवड्या किती? दुसरा म्हणाला पाच, आणि मूठ उघडली तर पाचच. त्याला ठाऊक होते काय? अमेरिकेत एडमंड गेटियर या अध्यापकाने १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात हाच पेच नव्याने मांडला आणि तिकडचे तत्त्वज्ञ तेव्हापासून त्यावर लिहीत आहेत. आपल्याकडे दिवाळीत कवड्या खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते, की नशिबाने बरोबर आलेला आकडा म्हणजे हुशारी नव्हे.

एप्रिलमध्ये मी चिलटे पाहिली होती. पुतण्या सिनेमे उतरवून घेतो असे मला वाटले होते, आणि त्याने नेट जाते असे मी म्हणालो. तो सिनेमे उतरवून घेत नव्हता. त्याच्यामुळे नेट जात होते ते निराळ्याच कारणाने, जे मला स्वप्नातही ठाऊक नव्हते. माझी कवड्यांची मूठ बरोबर आली, इतकेच.

यावर कोणी व्यवहारी मनुष्य म्हणेल, "अहो, कारण कसेही असो, आकडा बरोबर आला ना? औषध लागू पडले की वैद्याला तर्क विचारीत नाहीत." यंत्राच्या बाबतीत मला हे जवळजवळ कबूल आहे. राउटरला मारलेली टिचकी चुकीच्या कारणासाठी मारली म्हणून राउटर रुसत नाही. पण त्या संध्याकाळी पुतण्याच्या वाट्याला जे आले ते माझे अनुमान नव्हते. आले ते माझे वाक्य, माझा स्वर, आणि ते ऐकणारी काकू. त्याने जर दहाऐवजी अकरा हा आकडा दिला असता, तर तो सर्वस्वी निर्दोष ठरला असता. आणि मी तेच वाक्य, त्याच स्वरात, तसेच बोललो असतो. माझ्या बोलण्याचा त्या दहा आकड्याशी काही संबंध नव्हता. ज्या गोष्टीचा माझ्या करण्याशी संबंध नव्हता, ती गोष्ट माझ्या करण्याला निर्दोष कशी ठरविणार?

मग शेजाऱ्यांचे ते 'कुठं तुटतंय?' आठवून मी माझ्यावरच 'का' लावून पाहिले. का बोललो? नातीचे बोलणे तुटले म्हणून. तुटले तर वाईट वाटावे, राग का आला? कारण महिना-दीड महिना हे चालले होते आणि काही सुचत नव्हते. राग आला तर तो त्याच्यावरच का? इथे मी बराच वेळ थांबलो. कंपनीवर रागावून पाहिले होते. तिथे एक दाबा, दोन दाबा. कॉम्प्युटरला राग कळत नाही. सौ. त्या वेळी आपल्या मोबाइलवर कीर्तन ऐकत होती आणि ते एकदाही थांबले नव्हते. केवढा पुरावा माझ्या कानांवर पडत होता! तिला मी काही बोललो असतो तर तिने तो पुरावाच माझ्यापुढे ठेवला असता. राहिला तो पोरगा. तो जवळ होता, आणि उलट बोलणार नव्हता. ज्याला बोलल्याने मला काही किंमत पडणार नाही असा घरात तो एकटाच होता. मला वाटते, मी दोष शोधलाच नव्हता. मी फक्त तो ठेवायला जागा शोधली, आणि सर्वांत खोलगट जागी तो आपोआप गेला.

पाचव्या 'का'ची गरज पडली नाही.

आता जूनच्या, नव्हे, मेमधल्या त्या शेंगाच्या चटणीकडे पुन्हा पाहतो तेव्हा ध्यानात येते की मी माफी मागितली ती चुकीच्या गोष्टीची. 'तुझा संबंध नव्हता,' असे मी म्हणालो. म्हणजे तुझा संबंध असता तर मी बोललो ते ठीक होते, असाच त्याचा अर्थ. म्हणूनच जुलैमध्ये त्याचा संबंध निघाल्याबरोबर मला ती माफी परत मिळाल्यासारखे झाले. आणि गंमत अशी की ती परत करायला तोच आला. त्याने आपली चूक स्वतः शोधली, स्वतः सांगितली, आणि वर 'तुमचं बरोबर होतं' असे म्हणून मला मोकळे केले. मीही वायर सापडल्यावर त्याच्याकडे गेलो होतो, पण तेव्हा माझ्याजवळ दाखवायला एक तुटकी क्लिप होती. त्याला कोणी विचारलेले नव्हते. तो गप्प राहता तर मी नव्या वायरीलाच नावे ठेवीत बसलो असतो.

दुसरी माफी पहिलीहून अवघड गेली. तो परत जायच्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "अरे, तो नंबर तुझाच होता हे खरं. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. आणि मी ते जे 'आमच्या घरात' म्हणालो..."

"कधी?" तो म्हणाला. "मला नाही आठवत."

त्याला आठवत असावे असे मला वाटते, त्याचे कारण अगदी बारीक आहे. पूर्वी कॉलेजातून निघताना तो काकूला फोन करी, "काकू, घरी यायला निघालो." आता तो मित्राच्याच खोलीवर राहतो आणि रविवारी येतो. येण्याआधी फोन करतो तो म्हणतो, "काकू, तुमच्याकडे येऊ का?" सौ.च्या हे लक्षात आलेले नाही. मीही तिला सांगितलेले नाही. अधूनमधून तुटणारी वस्तू कुठे तुटते ते स्टूल टाकून बसल्याने कळते. ही त्या जातीची नव्हे.

परवा दिवाळीची साफसफाई काढली. टेबल ओढण्यापूर्वी मी वायर काढून हातात धरून उभा राहिलो, आणि सौ. म्हणाली, "आता काय तिची आरती करणार आहात?" वसुबारसेला गावी जाण्यापूर्वी पुतण्या एक रात्र राहायला येणार आहे. त्याची खाट पुन्हा बाहेरच्या खोलीत टाकली आहे. कॉम्प्युटरला हाताने दिलेला क्रमांक आता काढून टाकला. राउटर देईल तो तो घेतो. दहा हा आकडा मोकळा आहे.